गावच्या पोरांची शारीरिक चाचणी आणि संघनिवड: नव्या क्रीडाशिक्षकासाठी

पहाटे पाचला आमच्याकडच्या डांबरी रस्त्यावर जी पोरं धावताना दिसतात, त्यातली बहुतेक पोलीस भरतीची असतात. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. त्यामुळे यवतमाळकडचं गाव असो की चंद्रपूरकडचं, 'फिजिकल' म्हटलं की लोकांना भरतीच आठवते. वेळेत आला तो राहिला, उशिरा आला तो घरी गेला. नवा क्रीडाशिक्षक शाळेत रुजू होतो आणि नकळत हीच पद्धत चौदा वर्षांखालच्या पोरांना लावतो. मीही लावली होती. पहिल्याच वर्षी कबड्डीच्या संघात सर्वांत उंच आणि सर्वांत वेगवान अशी पोरं घेतली आणि बाकीच्यांना टाळ्या वाजवायला बसवलं. दोन वर्षांत त्या उंच पोरांची उंची थांबली, वेळाही तिथेच थांबल्या. बसवलेल्यांतला एक बारका पोरगा तोवर माझ्यापेक्षा उंच झाला होता. त्याला बोलवायला गेलो तर तो टेनिस बॉल क्रिकेटमध्ये रमलेला.

भरतीतला उमेदवार अठराच्या पुढचा असतो, त्याची वाढ संपत आलेली असते. तुमच्यासमोरचा तेरा वर्षांचा पोरगा वाढीच्या अगदी मध्यावर असू शकतो, किंवा त्याची वाढ सुरूही झाली नसेल. स्टॉपवॉच तेच, पण आकड्याचा अर्थ वेगळा. खाली जे लिहितो ते कबड्डी आणि खो-खो डोळ्यांसमोर ठेवून. व्हॉलीबॉल, फुटबॉलवाल्यांनी आपापल्या परीने फेरफार करावेत.

पहिलं काम: वही आणि जन्मतारीख

दोनशे पानी जाड वही घ्या. एका पोराला एक पूर्ण पान. मोबाइलमधली एक्सेल शीट चांगलीच, पण मोबाइल बदलतो, वही कपाटात राहते.

पानावर नावानंतर जन्मतारीख. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात आणि वयाची रेघ १ जानेवारीला पडते. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात खेळतात, पण दोघांत जवळपास वर्षाचं अंतर असतं. तेराव्या वर्षी एक वर्ष फार मोठं. कॅनडात आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेले जास्त निघाले. ते काम १९८५ साली छापून आलं आणि त्यानंतर अनेक खेळांत, अनेक देशांत तेच दिसलं. आधी जन्मलेला पोरगा थोडा मोठा म्हणून निवडला जातो, निवडला जातो म्हणून त्याला सराव मिळतो, आणि सरावामुळे तो खरोखरच चांगला होतो.

आपल्याकडे यात आणखी एक गंमत आहे. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही तारीख किती जणांची असते ते एकदा मोजून पाहा. गुरुजींनी नाव घालताना सोयीची तारीख टाकलेली. आता जन्मनोंदणी बरीच सुधारली आहे, तरी शंका आली तर आईला विचारा, "पोळ्याच्या वेळी झाला का होळीच्या?" ती बरोबर सांगते. स्पर्धेच्या अर्जावर दाखल्यावरचीच तारीख जाईल, तिथे हात लावायचा नाही. पण आपल्या वहीत खरा महिना पेन्सिलने लिहून ठेवा.

वाढ मोजा, मगच वेग मोजा

नवे शिक्षक ही पायरी हमखास गाळतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

मुलींची उंची सरासरीने बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत जोरात वाढते, मुलांची चौदाव्याच्या आसपास. हे सरासरी झालं. कुणाचं दोन वर्षं आधी, कुणाचं दोन वर्षं नंतर, आणि दोन्ही अगदी निरोगी. म्हणून एकाच वर्गातल्या दोन पोरांच्या शरीराच्या वयात तीन-चार वर्षांचाही फरक असू शकतो. ज्याची वाढ आधी झाली त्याचे स्नायू मोठे, उडी लांब, पकड घट्ट. तो चांगला खेळाडू असेलही, पण आज तो जिंकतो ते बऱ्याच अंशी शरीर आधी आलं म्हणून.

भिंतीला टेप चिकटवा. अनवाणी, टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर लाकडी पट्टी आडवी. नेहमी सकाळीच मोजा, कारण संध्याकाळपर्यंत माणूस सेंटिमीटरभर खाली बसतो. नंतर बसून उंची घ्या. स्टूल भिंतीला लावा, पाठ ताठ, मग जमिनीपासूनच्या आकड्यातून स्टूलची उंची वजा करा. उभ्या उंचीतून बसलेली उंची वजा केली की पायांची लांबी मिळते. वाढीच्या झपाट्यात आधी पाय लांबतात, धड मागून येतं. पाय एकदम वाढले आणि धड तेवढंच, तर समजा की गाडी आत्ताच सुटली आहे. यावरून वाढीचा टप्पा काढायची गणिती सूत्रंही आहेत. मात्र गावच्या शाळेत दर तीन महिन्यांनी नीट मोजलेली उंची बरंच काही सांगून जाते. झपाट्याच्या आधी पोरगा वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतो, झपाट्यात मुलं नऊ-दहा आणि मुली आठच्या आसपास. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरच्या वर गेला की त्याच्या पानावर लाल खूण करा.

लाल खुणेवाल्याचं दोन गोष्टींत जपायचं. एक म्हणजे काही महिने तो बेंगरूळ दिसतो. कालपर्यंत सफाईने सूर मारणारा पोरगा खांबाला धडकतो, वेळही सुधारत नाही. त्यावरून त्याला काढू नका. दुसरं, गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखतं अशी तक्रार आली तर ते नाटक समजू नका. वाढीच्या वयात हे दुखणं नेहमीचं आहे. त्या दिवशी उड्यांची चाचणी नको, सरावातल्या उड्याही कमी करा आणि दुखणं राहिलंच तर डॉक्टरांना दाखवा.

वजन एकेकाला आत बोलावून घ्या. आकडा मोठ्याने ओरडून सांगायचा नाही, मुलींच्या बाबतीत तर अजिबातच नाही. मुलींची मोजमापं बाईंनीच घ्यावीत.

धावायला लावण्याआधी आरोग्य विचारा

पूर्व विदर्भात, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी माहीत आहे, आणि आपल्या इतर जिल्ह्यांतही ते आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते. १ जुलै २०२३ ला केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून तर शाळांतही तपासण्या होतात. आशाताईंना विचारलं की कुणाची झाली, कुणाची राहिली हे कळतं. आजार असलेल्या मुलाला दमछाक होईपर्यंत पळवायचं नाही, त्याने काय खेळायचं ते डॉक्टर ठरवतील. वाहक मुलं, म्हणजे ज्यांच्यात आजाराचा अंश असतो पण आजार नसतो ती, खेळू शकतात, पण उन्हात, पाणी न पिता, तयारीविना एकदम पूर्ण जोराने पळवलं तर त्यांनाही धोका आहे. वाहक पोरगा धावताना पायात कळा येतात, पाय गळतात म्हणाला, तर "चल, अजून एक फेरी" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. सावली, पाणी, आणि बरं वाटलं नाही तर थेट दवाखाना. ही माहिती खासगी आहे. ती वहीच्या पानावर लिहू नका, तुमच्याजवळ वेगळी ठेवा.

मुलींमध्ये रक्ताची कमतरता फार. बारा वर्षांवरच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, तर तिच्या दमाच्या चाचणीचा आकडा तिच्या रक्ताचा आकडा असतो. शाळेत आठवड्याला लोहाच्या गोळ्या येतात, त्या खिडकीबाहेर जातात की पोटात, ते एकदा बघा. सहा महिन्यांत चाचणी सुधारलेली दिसली तर ती तुमच्या प्रशिक्षणाने की गोळ्यांनी, यावर वाद घालत बसू नका.

प्रत्येकाला आणखी तीन प्रश्न विचारा. खेळताना कधी चक्कर येऊन पडलास का, छातीत दुखतं का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का. एकालाही 'हो' आलं तर आधी डॉक्टर.

दिवस आणि जमीन

तालुक्याच्या स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात, म्हणजे निवड जुलै-ऑगस्टच्या चिखलात करावी लागते. काळ्या मातीत पोरगा वळताना पाय रुततो आणि वेळ एकदम बिघडते. त्यामुळे जुलैची वेळ आणि जानेवारीतल्या कडक जमिनीवरची वेळ शेजारी ठेवून 'सुधारला' असं म्हणायचं नाही. मुरमाचा पट्टा शोधा. आमच्या शाळेत फाटकापासून हापशीपर्यंतचा रस्ता मुरमाचा आहे, आम्ही चाचण्या कायम तिथेच घेतो. जागा तीच, वेळ तीच, पायात तेच. निम्मी पोरं अनवाणी असतील तर सगळ्यांना अनवाणी पळवा, पण आधी खडे-काचा वेचून घ्या.

वर्षातून तीन वेळा पुरे. जुलै, दिवाळीनंतर आणि फेब्रुवारी. सकाळी साडेसहा ते साडेआठ. ऑक्टोबरचं ऊनही कमी समजू नका, आणि मार्चनंतर दमाची चाचणी नाहीच.

आदल्या दिवशी काय केलं ते विचारा. दिवाळीनंतर कापसाची वेचणी जोरात असते. रविवारी दिवसभर वाकून वेचणी केलेला पोरगा सोमवारी सकाळी ताजा नसतो. श्रावणात उपास असतो, लग्नसराईत जागरण. अशांची चाचणी दोन दिवसांनी घ्या, काही बिघडत नाही.

चाचण्या

केंद्राच्या खेलो इंडिया तपासणीत नऊ ते अठरा वयाला ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, बसून पुढे वाकणं, पोटाचे आणि जोरांचे प्रकार असतात. शाळेला त्या कराव्या लागतातच. संघनिवडीसाठी मी चारच घेतो आणि याच क्रमाने. दमाची चाचणी शेवटी, कारण तिच्यानंतर कुणीच नीट पळत नाही.

उभ्याने लांब उडी. दोन्ही पाय रेघेवर, हात झोकून उडी, रेघेपासून मागच्या टाचेपर्यंत मोजायचं. तीन उड्या, सर्वांत चांगली लिहायची. आदल्या आठवड्यात सराव करू द्या. नाहीतर पहिल्यांदाच उडी मारणारा पोरगा हात कसे झोकायचे तेच शिकत असतो आणि त्याचा आकडा विनाकारण कमी लागतो.

३० मीटर धाव. चुन्याची रेघ अर्ध्या दिवसात पुसली जाते, म्हणून ०, १० आणि ३० मीटरला खुंट्या ठोका. शिट्टीवर घड्याळ सुरू करू नका. पोराचा पाय हलला की सुरू करा, म्हणजे धाव मोजली जाते, कान नाही. दोन धावा, मध्ये किमान तीन मिनिटं आराम. हाताने घेतलेली वेळ नेहमी थोडी कमी येते. अॅथलेटिक्समध्ये १०० मीटरच्या हातवेळेत ०.२४ सेकंद मिळवून विद्युत वेळेशी तुलना करतात, यावरून आपल्या अंगठ्याची लायकी समजा. दोन पोरांत ०.१ सेकंदाचा फरक असेल तर तो फरक तुमच्या अंगठ्याचाही असू शकतो. पहिल्या १० मीटरला तर हातचं घड्याळ निरुपयोगीच, आणि कबड्डीत नेमका तोच टप्पा महत्त्वाचा, कारण मोठ्या मैदानातही अर्धं अंगण साडेसहा मीटरचंच. त्यासाठी १० मीटरच्या खुंटीसमोर मोबाइल आडवा उभा करून व्हिडिओ घ्या, सुटण्याची रेघही त्यात दिसली पाहिजे. साध्या मोबाइलमध्येही सेकंदाला तीस चित्रं येतात, ती मोजली की अंगठ्यापेक्षा बरी वेळ मिळते.

वेळ घेणारा माणूस बदलू नका. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात शिकणारं एखादं पोरगं तुमच्या गावचं असेल तर ते दिवाळीत घरी येतंच. त्याच्या हाती घड्याळ द्या. वर्गशिक्षकांपेक्षा ते जास्त चोख काम करतं.

१० मीटरच्या फेऱ्या. दहा मीटरवर दोन रेघा, सहा वेळा ये-जा, प्रत्येक वेळी पाय रेघेवर पडलाच पाहिजे. यातून थांबणं आणि वळणं कळतं. पण याला चपळाई म्हणायची घाई करू नका. इथे कुठे वळायचं ते आधीच माहीत असतं. खो-खोत पाठलाग करणारा कुठे वळेल हे बचाव करणाऱ्याला माहीत नसतं, कबड्डीतल्या चढाईपटूलाही कोपऱ्यावरचा बचावपटू केव्हा पाय धरेल ते ठाऊक नसतं. म्हणून मी एक जोड देतो. समोर उभं राहून हात डावीकडे किंवा उजवीकडे करायचा, पोराने त्या बाजूच्या खुंटीकडे पळायचं. याचे आकडे मी लिहीत नाही. कोण हात हलण्याआधीच माझ्या खांद्याकडे बघतो, तेवढंच लिहितो. तो पोरगा पुढे कामाचा निघतो.

दम. वीस मीटरवर दोन रेघा, मोबाइलवर टोल्यांची ध्वनिफीत, आणि गणपतीत वापरतो तो स्पीकर. प्रत्येक टोल्याच्या आत समोरची रेघ गाठायची. ही चाचणी १९८२ साली कॅनडातल्या लेजे आणि लॅम्बर्ट यांनी मांडली. ताशी ८.५ किलोमीटरने सुरू होते, म्हणजे पहिली फेरी साधारण साडेआठ सेकंदांची, आणि दर मिनिटाला वेग अर्ध्या किलोमीटरने वाढतो. लागोपाठ दोनदा टोल्याच्या मागे राहिला की बाहेर. क्रिकेटमुळे पोरांना 'यो-यो' हे नाव ठाऊक असतं. तीही वीस मीटरवरच, पण दर दोन फेऱ्यांनंतर दहा सेकंदांची विश्रांती असते, त्यामुळे थांबून-थांबून पळायच्या खेळांना ती जास्त जवळची. दोन्हींपैकी एकच धरा आणि वर्षभर तीच ठेवा. ध्वनिफीत नसेल तर ६०० मीटर चालेल. फक्त पोरांना आधी वेग राखायला शिकवा, नाहीतर पहिल्या शंभर मीटरला सगळे शर्यतीच्या बैलासारखे सुटतात आणि चारशेला चालायला लागतात.

आकडे कसे वाचायचे

सगळ्या आकड्यांची बेरीज करून पहिले बारा उचलायचे नाहीत. पोरांचे आधी दोन गट करा, जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर जन्मलेले. क्रमांक आपापल्या गटातच द्या. मग लाल खूण बघा.

समजा, फेब्रुवारीत जन्मलेल्या पोराची ३० मीटरची वेळ ४.९ सेकंद आहे आणि सहा महिन्यांत उंची जेमतेम सेंटिमीटरभर वाढली आहे. दुसरा नोव्हेंबरचा, वेळ ५.३, झपाटा अजून सुरूही नाही. भरतीच्या हिशेबात पहिला पास, दुसरा नापास. आता सहा महिन्यांनी पहिला ४.९ वरच आहे आणि दुसरा ५.१ वर आला, तर मी दुसऱ्यावर जास्त वेळ घालवीन. पहिला या वर्षी संघात राहील, त्याला काढायचं कारण नाही. पण तीन वर्षांनंतरचा सतरा वर्षांखालचा संघ दुसऱ्याच्या पानावर लिहिलेला असू शकतो.

नव्याने आलेला पोरगा पहिल्या दोन-तीन महिन्यांत भराभर सुधारतो. ते बरंचसं नवखेपण जाण्याचं असतं, म्हणून त्याची पहिली चाचणी मी फारशी मनावर घेत नाही.

मग खेळवा

चाचणीतून कळतं की पोरगा किती जोरात पळतो. कधी पळायचं ते कळत नाही. म्हणून निदान तीन दिवस खेळवा. चार-चार जणांचे संघ, दर डावाला चिठ्ठ्या टाकून फेरबदल. दहा-बारा डावांनंतर दिसतं की एक विशिष्ट पोरगा ज्या बाजूला जातो ती बाजू जिंकते, आणि कित्येकदा त्याची उडी मधलीच असते.

पाहणारे तीन ठेवा आणि प्रत्येकाने गुण न बोलता लिहावेत. एकाने "भारी आहे बे हा" म्हटलं की बाकी दोघांचे डोळे फिरतात. बनियनवर स्केच पेनने नुसता नंबर टाका, नाव-गाव नको. सरपंचाचा पुतण्या कोण ते बाहेरून आलेल्या पंचाला कळायलाच नको.

काय पाहायचं? कबड्डीत साखळी धरलेला हात केव्हा सोडतो, साथीदाराने पाय पकडला की बाकीचे कितव्या क्षणाला झेपावतात, तीस सेकंदांच्या चढाईत शेवटच्या दहा सेकंदांत डोकं शांत राहतं का. खो-खोत खो देण्याआधी पळणाऱ्याकडे बघतो की नुसता पळतो. आणि दोन्हींत, बाद होऊन बाहेर बसला की मैदान बघतो की मातीशी खेळतो.

यादी लावताना

मी तीन याद्या करतो. या वर्षीचा संघ, वाढीच्या वाटेवरचे, आणि ज्यांचं अजून काही ठरवता येत नाही असे. तिन्ही याद्यांचा सराव एकत्रच. दुसऱ्या यादीतल्यांना घरी पाठवलं की ते परत येत नाहीत, हे माझं मी शिकलो.

यादी फलकावर चिकटवू नका. एकेकाला त्याचं पान दाखवा. "तुझी उडी जुलैपेक्षा अकरा सेंटिमीटरने वाढली, वळताना मात्र उभा होतोस, दिवाळीपर्यंत ते बघू." एवढं बोलायला दोन मिनिटं लागतात.

मग आईबाप येतात. "सर, आमच्या पोट्ट्याले काहून नाही घेतलं? त्याले पोलिसात जायचं हाये." दहावीचे क्रीडा गुण आणि पुढची भरती, या दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात असतात आणि त्यात गैर काही नाही. त्यांनाही पानच दाखवा. उंचीची रेघ वर जाताना बापाला दिसली की पुढचं समजावणं सोपं जातं. "उशिरा वाढून राह्यला तो, थोडं थांबा" हे मामाच्या उदाहरणाने पटतं. प्रत्येक घरात एक मामा असतो, जो अकरावीत एकदम उंच झाला.

शेवटी बदलीचं. तुमची होईलच. वहीच्या पहिल्या पानावर चार गोष्टी लिहून ठेवा. चाचणीची जागा नेमकी कोणती, अनवाणी की बुटांत, घड्याळ कुणाच्या हातात होतं, आणि टोल्यांची फीत कोणती. त्याशिवाय पुढच्या सरांना तुमचे आकडे वापरता येणार नाहीत. आणि ती वही मुख्याध्यापकांच्या कपाटात, सही घेऊन ठेवा.